चादरीखालची जाळी

फ्रिज-एसीचं काम कुठे शिकलास, असं कुणी विचारलं की मी मालेगावच्या दुकानाचं सांगतो. रिठदच्या त्या दिवसाचं सांगत नाही. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही, पण आज लिहून बघतो.

आमच्या घरचे भाजीपाला लावतात. कॉलेजात जाणारा मी पहिलाच. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मालेगावला एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. त्यांना मी चाचा म्हणायचो. त्यांच्याकडे एक शीतपेटी होती. वर काच, आत थंडावा, पायांच्या बाजूला मशीन. कुणी वारलं आणि लेकरं लांब असली की ती पेटी गावात जायची. त्या दिवशी चाचांना दवाखान्याचा एसी उघडायचा होता, म्हणून पेटीसोबत त्यांनी मला एकट्याला पाठवलं.

रिठद गावातल्या एका घरी एक म्हातारे गृहस्थ पहाटे गेले होते. एकुलती एक मुलगी पुण्याहून निघाली होती, चारपर्यंत पोचणार होती. तिला बापाचं तोंड दिसावं, एवढ्यासाठीच पेटी बोलावली होती.

मी मशीन सुरू केलं. पेटीवरचा तापमानाचा आकडा उतरू लागला, तसा माझा जीव थाऱ्यावर आला. मग त्यांची बायको आतून एक कोरी चादर घेऊन आली. मशीनची बाजू पत्र्याची, गंजलेली. माणसाच्या पायाशी असं दिसू नये म्हणून तिने ती चादर त्यावर नीट पांघरली, सुरकुत्या काढल्या आणि तिथेच टेकून बसली. शेजारच्या बायाही तिच्याभोवती बसल्या. गरम हवा बाहेर पडायची जाळी चादरीखाली गेली.

याचं पुढे काय होतं, ते मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पण त्या माउलीला उठा म्हणणं मला जमलं नाही. दोनदा पुढे झालो, दोनदा मागे आलो. आता बाया उठतील, मग काढू, असं म्हणत मी आकड्याकडे बघत राहिलो.

बाराच्या सुमारास मशीन टक करून बंद पडलं. तेव्हा कुठे चादर काढली. पत्र्याला हात लाववत नव्हता. तासभर थांबून पुन्हा सुरू केलं, नुसतं गुरगुरलं आणि गप्प झालं. कॉम्प्रेसर गेला होता. मी चाचांना फोन करून सगळं खरं सांगितलं.

"तू पाह्यलं होतं चादर टाकताना?"

"हो."

"मंग काहून नाई बोलला?"

"त्या रडून राह्यल्या होत्या, चाचा. त्यायले कसं सांगू?"

 चाचा म्हणाले, "ते बी तुझंच काम होतं, बेटा."

एवढ्या उन्हाळ्यात देह आणखी ठेवणं बरं नाही, असं जाणत्यांनी ठरवलं. मशीनच खराब, असं सगळे म्हणाले. मी मान खाली घातली. तीनला त्या गृहस्थांना स्मशानात नेलं.

मुलगी चारच्या आधीच आली. अंगण झाडून झालं होतं. मी भिंतीशी वायर गुंडाळत होतो. ती बराच वेळ रिकाम्या पेटीच्या काचेवर हात ठेवून उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"सकाळपासून तुमीच होते ना, भाऊ, पेटीजवळ? कसे दिसत होते बाबा?"

मला ते माहीत नव्हतं. पाच तास मी त्यांच्या डोक्याशी उभा होतो आणि पाहिला होता फक्त आकडा. चेहरा एकदाही पाहिला नव्हता.

"झोपल्यावानी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मी पेटी गाडीत चढवत होतो, तेव्हा शेजारच्या बाया येऊन तिच्या गळ्यात पडत होत्या आणि ती प्रत्येकीला तेच सांगत होती, झोपल्यावानी दिसत होते म्हणे, अगदी झोपल्यावानी.