भोंगाभाऊंची कुजबुज

भोंगाभाऊंना हळू बोलता येत नसे. कापसाच्या जिनिंगच्या खडखडाटात तीस वर्षं काढून कान गेलेले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, असा त्यांचा प्रामाणिक समज. ते कुणाच्या कानात काही सांगू लागले की रस्त्यावरचा टांगा थांबायचा.

धुळ्याला माझ्या भाड्याच्या खोलीत दर गुरुवारी आमची प्रार्थनेची घरसभा भरे. भाऊ धरून सहा माणसं आणि एक पेटी. शेजाऱ्यांशी नातं जोडा, असं पाळकसाहेब बजावत. म्हणून नाताळला अख्ख्या गल्लीला चहाला बोलावलं. सगळे "येऊ हं" म्हणाले आणि चाळीस जणांचा चहा आम्ही सहा जणांनी दोन दिवस प्यायला. इतकी वर्षं राहून आपण परकेच, हे मला फार लागलं. भाऊ म्हणाले, "बोलावतोस कशाला? आधी त्यांचं काय दुखतं ते तर विचार."

मग भाऊ रोज संध्याकाळी ओट्याओट्यावर बसून विचारपूस करू लागले. अर्धवट ऐकत आणि गुरुवारी प्रत्येकाच्या नावानं प्रार्थना करत. सुरुवात "प्रभू, हे आपल्या दोघांतच राहू दे" अशी, आणि आवाज पार नाक्यापर्यंत. शेजारच्या सरूअक्काचा गुडघा, शिंप्याच्या पोराचं गणित, सगळं चव्हाट्यावर! घरमालकानं आधीच दम दिला होता: आणखी एक तक्रार आली तर खोली खाली करा. मी कसली प्रार्थना करतोय, दारावर थाप कधी पडते तेवढंच ऐकत बसायचो.

एका गुरुवारी पडली. सरूअक्का कमरेवर हात देऊन उभी. आता गाशा गुंडाळा, मी मनात म्हटलं.

"भाऊ, देवले खोटं काबर सांगतस? मना गुडघा नही, कंबर दुखस."

भाऊंनी दोनदा विचारून खात्री केली आणि पुन्हा डोळे मिटले. "प्रभू, मागचं खोडून टाक. गुडघा नव्हे, कंबर." अक्का शेवटपर्यंत दारात उभी राहून तपासत होती.

पुढच्या गुरुवारी शिंपीण आली. पोराचं गणित ठीक आहे, इंग्रजीचं बघा म्हणाली. हळूहळू माझा ओटा भरू लागला. कुणी आपला देव सोडला नाही, आम्हीही सोडा म्हटलं नाही. पण भाऊ तापानं पडले तेव्हा आठवडाभर भाकरी गल्लीतूनच गेली.

मला मात्र चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की घाम फुटे. तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो. भाऊ म्हणत, "तुझी प्रार्थना देवाला वाकून ऐकावी लागते रे. त्याचंही वय झालंय."

शेवटी लेक त्यांना दोंडाईचाला घेऊन गेली. निरोपाला सगळी गल्ली जमली होती. गाडी वळली तशी सरूअक्का मला म्हणाली, "आते देवले आमनं कोन सांगी?"

"मी सांगेन," बोलून गेलो.

"तुना आवाज ते माले बी ऐकू येत नही."

त्या गुरुवारी सगळे आले. भाऊंची जागा पाहून मला भडभडून आलं. तोंड उघडलं तर आधी हुंदकाच फुटला, चांगला मोठ्यानं. कुणी हसलं नाही. अक्का सरकून जवळ बसली.

"आते ऐकू येस," ती म्हणाली. "बोल."