पोळपाटाचा दिवा

लाकडाचा भुसा दिसला की जिचा चेहरा ताटात श्रीखंड पडल्यासारखा उजळतो, अशी व्यक्ती सातारा-सांगली दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी एकच सापडेल, आणि ती म्हणजे माझे थोरले दीर. सैन्यात त्यांची उमेदीची वर्षं बॅटऱ्या सांभाळण्यात गेली. निवृत्त होऊन वाईला आले ते टाकाऊ लाकडात वीज साठवायचा ध्यास घेऊनच. वखारीतला भुसा, सुताराकडच्या ढलप्या, मोडकी खोकी, सगळं पत्र्याच्या डब्यात हवाबंद करून भाजायचं. तो कोळसा क्षारात शिजवायचा, धुऊन पिठासारखा वाटायचा, जाळीवर लिंपून मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि त्यात वीज भरायची. "लवकर भरतं, लवकर रितं हुतं, पण म्हातारं हुत न्हाई," हे त्यांचं त्यावरचं कौतुक. औंधला एका लग्नात अक्षता पडायच्या आत त्यांनी नवरदेवाच्या पायाखालचा पाट मागून ठेवला होता.

जाऊबाई दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला सांगलीला गेल्या आणि तिथेच राहिल्या. दोरीवरच्या लुगड्यांवर काजळी बसते, कोळसा संपला की कळवा, असा त्यांचा निरोप आला. कोळसा काही संपला नाही. दीर मात्र रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन सांगलीची गाडी रिकामी होईपर्यंत थांबतात. विचारलं तर म्हणतात, तिथं फळांची खोकी मिळतात.

दर रविवारी मी त्यांचं घर आवरते, दोन याद्या करून: ठेवायचं आणि भाजायचं. गेल्या महिन्यात तडा गेलेला पोळपाट मी दुसऱ्या यादीत घातला. ढलप्यांखाली तो डब्यात गेला, त्यांना दिसलाच नाही. डबा उघडला तेव्हा पोळपाट तसाच गोल, तीन पायांवर उभा, फक्त काळाकुट्ट.

"हिचा हाय," एवढंच ते म्हणाले. मला बोलले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस त्यांनी खलबत्त्याला हात लावला नाही. मग तो कोळसा वेगळा वाटून छोटा विजेचा दिवा केला आणि सांगलीला न्यायला माझ्या हातात दिला. "कशाचा हाय ते सांगू नगंस."

मी पोचल्या पोचल्या सगळं सांगून टाकलं. जाऊबाईंनी दिवा मांडीवर घेतला. पाव तास छान जळला, मग मंदावत विझला.

"एवढंच व्हय गं?"

"परत भरावा लागतो, अक्का."

"मला कुठं येतंय ते. त्यांनाच यायला सांग," म्हणत त्यांनी दिवा पदरानं पुसला. दिरांच्या बोटांची काजळी पदराला लागली. ती काही त्यांनी झटकली नाही.