अण्णांनी वाजवून घेतलेली गिटार

कुठलीही वस्तू समोर आली की अण्णा आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. मडकं, कलिंगड, दाराची चौकट, नव्या सुनेच्या माहेरून आलेलं कपाट. एकदा तर तालुक्याहून आलेल्या साहेबांच्या गाडीचं बॉनेटसुद्धा. मग डोळे मिटून, मान तिरकी करून निकाल द्यायचे. "वाजवून घ्यावं, मग आणावं. डोळा फसतो, बोट फसत न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कुणी दार वाजवलं तर माझ्या कपाळाला आठी पडते.

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावच्या पलीकडे आमचं गाव. तिथल्या दूध सोसायटीचे अण्णा चेअरमन आणि मी सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेणारा कारकून. चेअरमन व्हायला जे लागतं ते अण्णांकडे भरपूर होतं: मोठा आवाज, एक जीप आणि लाठीला पुढे होणारे चार भाऊ. अक्कल लागत नव्हती, त्यामुळे तिच्यावाचून काही अडलं नाही.

दुष्काळात गावाला टँकर यायचा. अण्णा त्याच्या टाकीवर टकटक करून "गच्च भरलाय" असं जाहीर करायचे आणि ड्रायव्हरच्या कागदावर सही ठोकायचे. निम्म्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत जायच्या. तलवाड्याहून लग्न होऊन आलेली एक सून एकदा धीर करून म्हणाली, "अण्णा, टाकी तर अर्धीच व्हती." अण्णा म्हणाले, "टाकी भरलेलीच व्हती. तुमच्या घागरी लई मोठ्या हायेत." सगळे हसले. मीही हसलो, कारण माझी नोकरी त्यांच्या हातात होती.

खरं सांगायचं तर बैल मात्र त्यांना कळायचे. त्या वर्षी सोसायटीने जनावरांसाठी चारा छावणी चालवली होती. एका दुपारी कडब्याची गाडी आली. बैल अडखळत होते, माना हिसडत होते. अण्णा लांबूनच ओरडले, "ह्यो डावीकडं चालणारा हाय, त्याला उजवीकडं कावून जुंपला बे? जल्मभर ज्या अंगाला चालला, त्याच अंगाला चालंल त्यो. सोड आधी!" गाडीवानाने जोडी सोडून बाजू बदलली आणि गाडी सुरळीत निघाली. माझी नऊ वर्षांची मुक्ता शेजारी उभी राहून हे सगळं पाहत होती.

मुक्ता डावखुरी. सुट्टीत लातूरला मामाकडे गेली आणि त्याची गिटार उलटी धरून वाजवत बसली. परत आली ती एकच हट्ट घेऊन. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला वाजवायचं होतं. खेळण्यासाठी कधी न रडलेली पोर ह्या एका गोष्टीसाठी आठवडाभर धड जेवली नाही. शेवटी मी हो म्हणालो. ते अण्णांच्या कानावर गेलं. "इतकी महागाची वस्तू तू एकटा आणणार? चल, मी वाजवून घेतो."

मुक्ताला घेऊन जीपने बीडला निघालो. वाटेत मांजरसुंब्याला चहा झाला. तिथेही अण्णांनी ढाब्याचं टेबल वाजवून ते कच्च्या लाकडाचं असल्याचं सांगितलं. बीडच्या दुकानात मुक्ताने एक गिटार उचलली आणि सवयीने उलटी धरली. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "बेटी डावखुरी हाय का? मग तारा उलट्या क्रमानं लावून देतो. अर्धा घंटा बसा, कायमचं काम व्हईल."

अण्णांनी गिटारीच्या पोटावर टकटक केली, डोळे मिटले. "माल पक्का हाय. तारांना हात लावू नका. डाव्या हातानं कुणी आरती ओवाळतं का? पोरीला वळण लावा, वस्तूला न्हाई."

मुक्ता म्हणाली, "पण अण्णा, छावणीत तुमीच म्हणला व्हता. डावीकडचा बैल उजवीकडं जुंपू न्हाई म्हणून."

दुकानदार हसला. अण्णांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. पोर खरं बोलत होती आणि समोरच्या माणसाला बैलाएवढीही तिची किंमत नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "मुक्ता, गप बस."

तारा न बदलताच गिटार घेतली. परतताना केजपर्यंत मुक्ता गिटार मांडीवर आडवी घेऊन खिडकीबाहेर पाहत राहिली.

घरी तिने महिनाभर उजव्या हाताने छेडून पाहिलं. सूर लागेना, ताल चुकायचा. मग एके दिवशी तिने एकटीने सगळ्या तारा काढल्या आणि उलट्या क्रमाने लावल्या. दोन तुटल्या, बोट कापलं. मामाने लातूरहून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर नव्या तारा पाठवल्या. मी काय केलं? अण्णा घरी आले की गिटार कापडात गुंडाळून कणगीमागे ठेवत होतो.

स्नेहसंमेलनात ती डाव्या हाताने वाजवायला बसली आणि मंडप शांत झाला. प्रमुख पाहुणे अर्थात अण्णा. माईक हातात घेऊन म्हणाले, "ही गिटार मी स्वतः वाजवून घेतलीय. म्हणूनच आवाज असा हाय!" टाळ्या पडल्या. निर्लज्जपणालाही एक दर्जा असतो, तो त्यांनी त्या दिवशी गाठला.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. आयुष्यभर ज्याचा तिटकारा केला, त्याच्या फोटोसमोर मी म्हणालो, "अण्णांनी आम्हाला पारख शिकवली." मेलेल्या माणसाची भीती वाटायचं काही कारण नव्हतं. सवय मात्र होती.

मुक्ता आता पुण्यात नोकरी करते. मागच्या दिवाळीत फोनवर म्हणाली की डावखुऱ्यांसाठीच बनवलेली गिटार घेणार आहे, पहिलीच. मला फार आनंद झाला. म्हणालो, "थांब, मी येतो. दोघं मिळून बघू."

"नका येऊ, पप्पा," ती म्हणाली. "दुकानात कुणीतरी अण्णा भेटंलच. अन् तुमी मलाच गप बस म्हणताल."