ओळंबामिस्त्रींचं दार

मिस्त्रींना गल्लीत सगळे ओळंबा म्हणत, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची गवंड्याची दोरी. कुणाकडे चहाला गेले तरी आधी एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचे आणि चहा निवेपर्यंत तिला कुठे पोट आलंय ते सांगत बसायचे. चाळीस वर्षं त्यांनी विटा रचल्या. मग गुडघ्यांनी संप पुकारला. थापी खिळ्याला लटकली आणि मिस्त्री घरातले कोपरे काटकोनात आहेत का ते तपासत फिरू लागले. बायको घरीच शिवणकाम करायची. दिवसभर तिच्या पायात पायात यायचे.

मुलगी हे बघत होती. तिच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले, त्यातला एक तिने उचलून आणला, पुढच्या खोलीतल्या टेबलावर मांडला आणि त्यात एक खेळ लावून दिला. वरून ठोकळे पडतात. कुणी चौकोनी, कुणी वाकडा, कुणी नुसता लांब. पडता पडता ते बाणांच्या बटणांनी सरकवायचे, फिरवायचे आणि खाली फट न ठेवता बसवायचे. ढीग वर टेकला की डाव संपला.

मिस्त्रींचे डोळे लकाकले. या तर विटाच! त्यांनी पहिला थर कसा ओळीत, ठोकून बसवला, आणि पुरा होताक्षणी तो गायब. मिस्त्री ताडकन उठले. यंत्र बिघडलंय, भिंत खातंय, म्हणाले. मुलीने समजावलं की पुरा झालेला थर नाहीसा होतो आणि त्याचेच गुण मिळतात. मिस्त्रींना ते पचेना. उभ्या जन्मात त्यांचा एक थर ढासळला नव्हता, आणि इथे ढासळण्याचे गुण?

तरी खेळाने त्यांना धरलंच. बोटं पुन्हा कामाला लागली, जेवणाची चव परत आली. गुण मात्र चार हजारांच्या पुढे सरकेनात.

टेबलावर बायकोचा डोळा होता. जमिनीवर बसून कापड बेतताना तिची कंबर धरायची. तिने सरळ सांगून टाकलं, रविवारच्या जेवणाआधी दहा हजार झाले तर खोका टेबलावर, नाहीतर माळ्यावर. मिस्त्री हो म्हणून बसले खरे. खोका गेला की पुन्हा कोपरेच तपासायचे.

रविवारी त्यांनी मनाशी ठरवलं, यंत्राला भिंत खाऊच द्यायची नाही. पुरा झाला की थर जातो ना? मग पुरा करायचाच नाही. उजव्या कडेला एका विटेएवढी जागा त्यांनी खालपासून मोकळी सोडली.

मुलीने कपाळाला हात लावला. "बाबा, भोक कशाला ठेवताय?"

"भोक नाही, दार आहे. माणसं आत जाणार कुठून?"

भिंत चढत गेली, गुण होते तिथेच. बायको गळ्यात टेप अडकवून मागे येऊन उभी राहिली. तेवढ्यात वरून लांब ठोकळा निघाला. मिस्त्री तो आडवा टाकणार, तशी ती पुढे वाकली. चाळीस वर्षं गवंड्याची भाषा ऐकून कान तयार झाले होते.

"अहो, आडवी काय टाकताय? चौकट आहे ती. दारात उभी करा."

चौकट म्हटल्यावर बोटं आपोआप वळली. ठोकळा उभा झाला, कडेने सरसर उतरला आणि दारात चपखल बसला. चार थर एकदम गडप. गुणांनी अशी उडी मारली की मिस्त्री चष्मा पुसायला लागले. एकेक थर गेला तर चिल्लर, चार एकदम गेले की घबाड!

"आई, पैज तुझीच होती ना?" मुलगी हसत सुटली.

"म्हणून काय चुकीचं बांधकाम बघत राहू?"

मग काय, दार सोडायचं आणि चौकटीची वाट बघायची. भात गार झाला, आमटी दोनदा तापवली, आणि आकडा दहा हजार दोनशेवर गेला तेव्हा तिघंही उभ्या उभ्याच जेवली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खिळ्यावरची थापी काढली. स्टुलावर बसून, गुडघ्यांची मनधरणी करत, पंधरा दिवसांत त्यांनी खिडकीखाली कापड बेतायला बायकोच्या कमरेइतका उंच ओटा बांधला, वर गुळगुळीत फरशी. उजव्या कडेला मात्र अरुंद खाच सोडलेली, वरची फरशीसुद्धा तेवढीच कापलेली.

"इथे विटा संपल्या वाटतं?" बायकोने विचारलं.

तिची कापड मोजायची लांब लाकडी पट्टी मिस्त्रींनी उचलली आणि खाचेत उभी सोडली. पट्टी सरसर उतरली, चपखल बसली.

बायकोने ओट्यावर दोन्ही हात टेकून जरा भार देऊन पाहिला.

"बरं झालं," ती म्हणाली, "हा गडप नाही झाला."