वासाचा रकाना

भूतबित मी मानत नाही. आजही नाही. माझं कामच असं आहे की जमिनीखालून जे वर येतं ते बाटलीत भरायचं, चिठ्ठी लावायची आणि लॅबला पाठवायचं. तरी हे लिहितोय, कारण वर्ष झालं, डोक्यातून जात नाही...

सोलापुरात पालिकेचं एक जुनं आवार आहे. पूर्वी तिथं कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, रोडरोलर दुरुस्त व्हायचे. डिझेल आणि जळकं ऑइल वर्षानुवर्षं मातीत मुरलेलं. ती माती उपसायची आणि भोवतालच्या घरांच्या बोअरचं पाणी तपासायचं, हे आमच्या कंत्राटदाराचं काम. दिवसभर उन्हात मास्क लावून काळी चिकट माती भरली की संध्याकाळी चप्पल काढायचंसुद्धा जिवावर येतं.

बोअरच्या फॉर्मवर एक रकाना असतो – 'वास'. तिथं 'आहे' लिहिलं तरच बाटली लॅबला जायची; सगळ्याच पाठवणं परवडत नव्हतं. आणि मला तर वास येतच नाही! त्या मोठ्या साथीच्या तापात गेला तो गेला. घरी दूध करपलं तरी बायको ओरडल्यावर कळतं. कामावर कुणाला सांगितलं नाही, फील्डवरून काढतील ही भीती. गल्लीतल्या प्रत्येक घरापुढं मी 'नाही' लिहीत गेलो. लाज वाटते, पण केलं तसंच.

मे महिन्यात, भर दुपारी, एका राहिलेल्या सहीसाठी नरसम्मा मावशींकडे गेलो. आवाराच्या भिंतीला लागूनच घर, पुढच्या खोलीत चादरीचा माग. सून बाळाला पावडर लावत बसली होती. त्याच्या अंगभर पुरळ. मावशींनी रीतीप्रमाणे आधी तांब्या-फुलपात्र पुढं केलं. फुलपात्र तोंडाशी नेलं आणि... डिझेल. असं भपकन, की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वडिलांचं टेंभुर्णीला हायवेवर गॅरेज होतं. हा वास मला कुणी शिकवायला नको. इतक्या वर्षांनी नाकाला काहीतरी कळलं म्हणून, खरं सांगतो, आधी आनंदच झाला. मग घाबरलो.

"मावशी, हे पिऊ नका. बोअरचं आहे ना?"

त्यांनी फुलपात्र माझ्या हातातून घेतलं, हुंगलं, वरून दोन घोट प्यायल्या.

"न्हाय की. हे नळाचं हाय. ह्याला कुटला वास?"

मग कसलाही राग न करता म्हणाल्या, "वास बोअरच्या पाण्याला हाय. बाळाला त्यानंच न्हाऊ घालतोय आमी. मला येतोय वास... पर तुमीच लिवून गेलता की, न्हाय म्हणून. म्हटलं, शिकलेला माणूस खोटं कशाला लिवंल."

मला वर बघवेना.

त्याच दुपारी दोन्ही पाणी लॅबला पाठवलं. नळाचं स्वच्छ निघालं. बोअरच्या पाण्यात डिझेल. साहेबांना सगळं सांगून टाकलं, शिव्या खाल्ल्या. गल्लीतली सगळी घरं पुन्हा तपासली, त्यात आणखी दोन बोअर बंद करावे लागले. टँकर सुरू झाला. बाळाचं पुरळ महिन्याभरात ओसरलं, ते मावशींनीच बोलावून दाखवलं.

डॉक्टर म्हणतात, कधी कधी नसलेला वास येतो माणसाला. येत असेल. पण त्याच घरात? तोच वास – आणि तोही स्वच्छ पाण्याला? त्यानंतर उदबत्ती, कापूर, अगदी डिझेलचा बोळासुद्धा नाकाशी धरून पाहिला. काही नाही.

साहेबांनी काढलं नाही, या कामाला माणसं मिळत नाहीत म्हणून. फॉर्मही तोच आहे. फक्त त्या रकान्यापाशी आलो की मी पेन थांबवतो आणि घरातल्या बाईला विचारतो. ती सांगेल तेच लिहितो.