केसभर तांबडा

सत्तर सालच्या सुमारास मी अंधेरीतल्या एका रद्दीवाल्याकडून जुनी फ्रेंच कलामासिकं आणायचो. त्यांत कधीकधी दगडावरून छापलेलं, म्हणजे लिथोग्राफ पद्धतीचं, अस्सल अमूर्त चित्र शिवलेलं असायचं. तेवढं मी जपून सोडवून ठेवायचो. दर शनिवारी तिथं आणखी एक जण यायचा, साकीनाक्याच्या छापखान्यातला मशीनमन. नखांत शाई, खिशात भिंग. विकत कधी काही घ्यायचा नाही.

एकदा मला हवं असलेलं चित्र नेमकं त्याच्या हातात, तेही उलटं.

"उलटं धरलंत तुम्ही," मी घुश्श्यातच म्हणालो.

"चित्राचं तुम्ही बघा ना. मी छपाई बघतोय." त्यानं भिंग कडेला टेकवलं. "हा तांबडा बघा, काळ्याच्या बाहेर आलाय, केसभर. मशीनवाल्याचं लक्ष नव्हतं त्या दिवशी. घरी काहीतरी झालं असणार त्याच्या."

चित्र माझ्या हातात देऊन तो निघून गेला.

ते आज माझ्या भिंतीवर आहे. पाहुण्यांना मी चित्रकाराबद्दल बरंच सांगतो. एकटा असलो की मात्र त्या तांबड्या कडेपाशीच थांबतो. काय झालं असेल त्या दिवशी त्या मशीनवाल्याच्या घरी?