बाथरूमचा पहिला नंबर

मी अंधेरीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ऑप्टिमायझेशन शिकवते. म्हणजे आहे त्यात जास्तीत जास्त कसं भागवायचं, याचं गणित. कांदिवलीच्या आमच्या घरात हेच गणित आई रोज करते, फक्त तिला त्याचा पगार मिळत नाही.

घरात बाथरूम एक आणि सकाळी त्यावर टपलेली चौघं: मी, धाकटा भाऊ, भावजय आणि बाबा. आई पहाटेच उरकते. पहिला नंबर कायम बाबांचा. दाढी, आंघोळ, आतून खणखणीत स्तोत्र, आणि बाहेर आम्ही खांद्यावर टॉवेल टाकून ताटकळत. त्यांना ऑफिस गाठायचं असायचं, म्हणून कोणी चकार शब्द काढत नसे. पण रिटायर झाले तरी ते नंबर सोडेनात. भावजयीला रोज उशीर व्हायला लागला.

"ताई, तुमचं ते शास्त्र घरी चालत नाही का?" तिने विचारलं.

मला तेवढंच हवं होतं. ज्याला आधी पोचायचंय त्याने आधी आंघोळ करायची, हा आमच्या विषयातला जुना नियम. मी प्रत्येकाला पोचायची वेळ विचारली. बाबा म्हणाले, "मला कुठे जायचंय आता?" गणिताने त्यांना शेवटी टाकलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

व्यवस्था झकास चालली. भाऊसुद्धा वेळेवर पोचायला लागला, त्याचं त्यालाच नवल वाटलं. बाबा मात्र जुन्याच वेळेला उठून टॉवेल घेऊन हॉलमध्ये बसायचे. बाथरूम रिकामं झालं तरी बसूनच. कधीकधी जेवायची वेळ व्हायची, आंघोळीचा पत्ता नाही.

"मला नाही बघवत गं," आई म्हणाली. मलाही बघवत नव्हतं. पण गणित बरोबर होतं, आणि गणित बरोबर असलं की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. स्वतःच्याही.

मग एकदा जेवताना बाबांनी जाहीर केलं, "उद्यापासून मला सातला पोचायचंय."

"कुठे?"

"तुझ्या गणिताला ते लागतं का?"

लागत नाही. फक्त वेळ लागते. बाबा पुन्हा पहिले, स्तोत्रासकट. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसचे बूट घालून रोज बाहेर पडायला लागले. भावजय माझ्याशी मोजकंच बोलायला लागली.

एका सकाळी मलाच उशीर झाला. स्टेशनच्या शेअर रिक्षांची लाईन पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. मी हळूच पुढे घुसले, तोच ओळखीचा आवाज आला.

"ओ मॅडम, लाईन तिकडून आहे."

बाबा हात वर करून एकेका रिक्षात माणसं बसवत होते. रिक्षावाले त्यांना साहेब म्हणत होते.

"बाबा, माझं लेक्चर आहे," मी कुजबुजले.

"सगळ्यांचंच काहीतरी आहे. मागे जा."

गेले. पुढची बाई वळून म्हणाली, "कडक आहेत साहेब. पण ते यायला लागल्यापासून इथे भांडणं नाहीत हो." मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. माझा नंबर आल्यावर बाबांनी मला तिसरी म्हणून बसवलं आणि पुढच्या रिक्षाला हात केला.

संध्याकाळी भावजयीने विचारलं, "ताई, बाबा रोज जातात तरी कुठे?"

"कामावर," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर तिला देऊन मी शेवटी गेले.